उत्तरेचे वाघ, फॉल्समचा तुरुंग

लाइव्ह ध्वनिमुद्रणांच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली आरोळी बनावट आहे. अमेरिकी गायक जॉनी कॅशच्या ‘ॲट फॉल्सम प्रिझन’ या १९६८ च्या अल्बममध्ये पहिलंच गाणं एका खुन्याची कबुली सांगतं. रीनो शहरात एकाला गोळी घातली, कशासाठी, तर तो मरताना कसा दिसतो ते पाहायला. ही ओळ संपते न संपते तोच कैद्यांमधून जल्लोष उठतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि निर्मात्याला तेच हवं होतं. त्या दिवशी त्या ओळीवर कुणीही ओरडलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणचा गलका उचलून नंतर स्टुडिओत तिथे जोडला गेला. समोर बसलेले कैदी आणि त्यांच्या आजूबाजूला उभे पहारेकरी हे चित्र डोळ्यांपुढे आणलं, की यात नवल वाटत नाही. पहारेकऱ्यांच्या देखत खुनाच्या वर्णनाला दाद देण्याइतके ते कैदी खुळे नव्हते.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच तुरुंगात आणखी एक अल्बम ध्वनिमुद्रित झाला. गाणारे होते ‘लॉस तिग्रेस देल नोर्ते’, म्हणजे उत्तरेचे वाघ. मेक्सिकोच्या उत्तर भागातल्या नोर्तेन्यो संगीतातला सर्वांत मोठा वाद्यवृंद. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी याचं वर्णन बहुतेक ‘कॅशला वाहिलेली आदरांजली’ असं केलं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. कॅश फॉल्सममध्ये पाहुणा म्हणून गेला होता. तिग्रेस गेले ते आपल्याच श्रोत्यांकडे. हे श्रोते तिथे कसे पोचले, हा या अल्बममागचा खरा इतिहास.

आधी कॅशचा भाग. फॉल्सम हा कॅलिफोर्नियातला जुना तुरुंग. सॅक्रामेंटोजवळ अमेरिकन नदीच्या काठी, ग्रॅनाइटच्या भिंतींचा. तो १८८० मध्ये सुरू झाला आणि १९३७ पर्यंत तिथे ९३ जणांना फाशी दिली गेली. तरुण कॅश अमेरिकी हवाई दलात जर्मनीत नोकरीला असताना त्याने या तुरुंगावरचा एक चित्रपट पाहिला, त्यावरून ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणं रचलं आणि १९५५ मध्ये ते बाजारात आलं. स्वतः त्याने तुरुंगवासाची शिक्षा कधीच भोगली नाही. कोठडीत काढलेल्या काही रात्री, एवढाच त्याचा अनुभव. पण गाण्यामुळे कैद्यांची पत्रं येऊ लागली, आमंत्रणं येऊ लागली, आणि कॅश तुरुंगांतून कार्यक्रम करू लागला.

१३ जानेवारी १९६८ रोजी त्याने फॉल्समच्या भोजनगृहात सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन कार्यक्रम केले. आदल्या रात्री एका पाद्र्याने त्याला एक टेप ऐकवली होती. ग्लेन शर्ली नावाच्या कैद्याने तुरुंगातल्या प्रार्थनामंदिरावर रचलेलं ते गाणं होतं. कॅशने रातोरात ते बसवलं आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं. शर्ली पुढच्याच रांगेत बसलेला होता आणि आपलं गाणं होणार आहे याची त्याला कल्पना नव्हती. ही दाद खरी होती, ती जोडावी लागली नाही. अल्बम तुफान चालला, व्यसनांनी घसरणीला लागलेली कॅशची कारकीर्द सावरली, आणि १९७२ मध्ये तो तुरुंग-सुधारणेविषयी साक्ष द्यायला सिनेटच्या उपसमितीपुढे उभा राहिला. शर्ली १९७१ मध्ये सुटला, काही काळ कॅशच्याच ताफ्यात वावरला, पण बाहेरचं जग त्याला पेललं नाही. १९७८ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अल्बमची गोष्ट सांगताना हा शेवट बहुधा गाळला जातो.

आता १९६८ कडेच दुसऱ्या बाजूने पाहू. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात, मोकोरितो तालुक्यात रोसा मोरादा नावाचं खेडं आहे. तिथल्या एर्नांदेस कुटुंबातल्या वडिलांना काम होईनासं झालं आणि घर चालवायची जबाबदारी थोरल्या होर्हेवर आली. त्याने भावांना आणि चुलतभाऊ ऑस्कर लाराला बरोबर घेतलं. खानावळींतून, बाजारातून वाजवत पोरं सरहद्दीवरच्या मेहिकालीपर्यंत आली. १९६८ मध्ये तात्पुरत्या परवान्यावर त्यांनी सरहद्द ओलांडली. बॅण्डला तोवर नाव नव्हतं. तपासणीच्या अधिकाऱ्याने ही चुणचुणीत पोरं पाहून कौतुकाने त्यांना ‘छोटे वाघ’ म्हटलं, आणि उत्तरेकडे निघाले म्हणून ‘उत्तरेचे’, असा किस्सा ते स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. किस्से सांगून सांगून गुळगुळीत होतात, पण या पोरांच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कार्यक्रमांपैकी एक कुठे झाला, हे पाहण्यासारखं आहे. तो झाला सोलेदादच्या तुरुंगात, कैद्यांसमोर. कॅशने फॉल्सम गाजवलं त्याच वर्षी, त्याच राज्यात.

सोलेदादमध्ये स्पॅनिश गाणी ऐकायला कैदी का होते? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात शेतीला माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९४२ मध्ये, अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून मजूर आणायला सुरुवात केली. ‘ब्रासेरो’ म्हणून ओळखली जाणारी ही योजना १९६४ पर्यंत चालली आणि तिच्याखाली ४० लाखांहून अधिक करारपत्रं झाली. नंतर योजना बंद पडली, पण पिकं उभीच होती आणि त्यांना हात लागतच होते. स्थलांतराच्या १९६५ च्या नव्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली. ती अमलात आली १९६८ मध्येच. शेतमालक तेच, मळे तेच, माणसंही तीच. फक्त काल ज्यांना बोलावून आणलं होतं ते आज कागदांवाचून घुसलेले ठरले. तिग्रेस सॅन होजेला राहिले. आजूबाजूला फळबागा, पॅकिंगची शेडं आणि शनिवारी रात्री नाचायला येणारे मजूर होते. हाच त्यांचा पहिला श्रोतृवर्ग आणि पुढे पन्नास वर्षं तोच राहिला.

सॅन होजेतच आर्ट वॉकर नावाच्या इंग्रज माणसाची ‘फामा’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी होती. त्याने पोरांना हाताशी धरलं, कामं मिळवून दिली, गाणी शोधून दिली. नोर्तेन्योचा गाभा दोन वाद्यांचा. एक बटणांचा अकॉर्डियन, जो १९ व्या शतकात जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांबरोबर टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत आला. दुसरं ‘बाहो सेक्स्तो’, बारा तारांची भारदस्त गिटार. तिग्रेसनी त्याला इलेक्ट्रिक बास आणि पूर्ण ड्रमसेटची जोड दिली, पुढे सॅक्सोफोनही आला. खेड्यातल्या अंगणात वाजणारा आवाज मोठ्या सभागृहात पुरेल इतका झाला. गायकी मात्र त्यांनी बदलली नाही. किंचित नाकातून, सरळ, फारशी मुरड न घालता होर्हे गातो. आधी गोष्ट ऐकू आली पाहिजे, मग गळा.

गोष्ट, कारण त्यांचा मुख्य माल म्हणजे ‘कोरिदो’. गाव, माणूस, प्रसंग यांची नावं घेत घडलेली घटना सांगणारं हे कथागीत. मेक्सिकन क्रांतीच्या काळात, १९१० नंतर, लढाया आणि सरदारांच्या कहाण्या कोरिदोतूनच गावोगाव पोचल्या. आपल्याकडे पोवाड्याने जे काम केलं, तेच तिथे कोरिदोने केलं. फरक एवढा, की पोवाडा हळूहळू इतिहासाच्या गौरवाकडे वळला आणि कोरिदो ताज्या बातमीलाच चिकटून राहिला. सरहद्दीवरची ताजी बातमी बरेचदा गुन्ह्याचीच असते.

१९७४ मध्ये तिग्रेसनी आंखेल गोन्सालेसचं ‘कॉन्त्राबान्दो इ त्राइसिओन’ गायलं आणि त्यांचं नशीब पालटलं. कामेलिया नावाची टेक्सासची बाई आणि एमिलिओ वारेला टायरमध्ये गांजा भरून तिहुआनाहून निघतात. माल पोचतो, पैसे हातात पडतात, मग तो सांगतो, आता तू तुझ्या वाटेने, मी माझ्या. माझी प्रेयसी सॅन फ्रान्सिस्कोत आहे. त्यावर ती सात गोळ्या झाडते, पैसे घेते आणि नाहीशी होते. पोलिसांना फक्त टाकून दिलेलं पिस्तूल सापडतं. तीन मिनिटांत एक सिनेमा. त्याचा पुढे खरोखरच सिनेमा झाला, उत्तरार्धाची गाणी निघाली, आणि कामेलिया खरी होती की काय यावर माणसं आजही वाद घालतात. मादक पदार्थांच्या तस्करीवरच्या गाण्यांची, नार्कोकोरिदोंची, आधुनिक लाट इथून उसळली.

पण तिग्रेस म्हणजे केवळ तस्करीची गाणी, हा समज मला एकांगी वाटतो. मजुरांच्या घरात ज्या गाण्यांची पारायणं झाली ती निराळीच होती. एन्रिके फ्रांकोचं ‘ला हाउला दे ओरो’, सोन्याचा पिंजरा, १९८० च्या दशकातलं. बिनकागदी बाप सांगतो, दहा वर्षं झाली इथे येऊन, पैसा आहे, पण पकडतील म्हणून घराबाहेर फारसं पाऊल टाकत नाही. मुलं इंग्रजी बोलतात आणि मेक्सिकोला परत जायचं नाव काढलं की तोंड फिरवतात. गाण्याच्या मधोमध बाप मुलाला स्पॅनिशमध्ये विचारतो, येतोस का परत? मुलगा इंग्रजीत झिडकारतो. ते दोन-चार बोललेले शब्द ज्याने एकदा ऐकले, त्याला बाकी गाणं विसरलं तरी ते आठवतात. १९८६ मध्ये रेगन सरकारने कायदा करून सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं, तेव्हा त्यांतल्या असंख्यांनी हे गाणं आपलं म्हणून आधीच पाठ केलेलं होतं. ‘ग्रासियास! आमेरिका सिन फ्रोन्तेरास’ या अल्बमला १९८८ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते या लाटेवरच.

त्यांच्या कार्यक्रमांचीही एक रीत आहे. गाणी आधी ठरलेली नसतात. गर्दीतून चिठ्ठ्या पुढे सरकतात. अमुक गाणं म्हणा, तमुक गावच्या लोकांना नमस्कार सांगा, आज बायकोचा वाढदिवस आहे. गायक वाकून चिठ्ठी घेतो, वाचतो, आणि भावांकडे मान वळवून गाण्याचं नाव टाकतो. कार्यक्रम तीन-चार तास सहज लांबतो. ज्यांच्या गावाचं नाव कुठल्याही सरकारी कागदावर येत नाही, त्यांना ते लाउडस्पीकरवर ऐकायला मिळतं. म्हणून या बॅण्डचा लाइव्ह अल्बम स्टुडिओतल्या अल्बमपेक्षा वेगळा ऐकावा लागतो. त्यात श्रोत्यांनाही भूमिका असते.

पुढची दोन-तीन दशकं दोन प्रवाह समांतर वाहत होते. एकीकडे कॅलिफोर्नियाचे तुरुंग फुगत गेले. १९८० मध्ये राज्यात सुमारे २५ हजार कैदी होते, २००६ मध्ये १ लाख ७० हजारांच्या वर. अमली पदार्थांविरुद्धची कठोर मोहीम, १९९४ चा तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेपेकडे नेणारा कायदा, अशी कारणं अनेक. गर्दी इतकी झाली, की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संख्या कमी करायचा आदेश कायम केला. या कैद्यांत लॅटिनोंचा वाटा वाढत गेला आणि २०१८ च्या सुमारास दर दहांत चारांहून जास्त कैदी लॅटिनो होते. त्याच १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी बिनकागदी लोकांना शाळा आणि दवाखाने नाकारणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. न्यायालयांनी तो रोखला, पण मनं दुखावली ती दुखावलीच.

दुसरीकडे तिग्रेस संस्था बनले. १९९७ च्या ‘हेफे दे हेफेस’ या दुहेरी अल्बमसाठी त्यांनी अल्कट्राझच्या बंद तुरुंगात छायाचित्रं काढून घेतली. २००० मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानाने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला पाच लाख डॉलर दिले. ख्रिस स्ट्राख्विट्झ या संग्राहकाने जमवलेल्या हजारो जुन्या मेक्सिकन तबकड्या त्यातून डिजिटल होऊ लागल्या. २०११ मध्ये हॉलिवुड पॅलेडियममध्ये एमटीव्हीसाठी केलेल्या अनप्लग्ड कार्यक्रमात हुआनेस, काये १३, झॅक दे ला रोचा असे रॉक आणि रॅपमधले लोक त्यांच्या शेजारी उभे राहिले. तो अल्बम देखणा आहे आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. पण त्यात पाहुण्यांची सरबराई फार आहे. वाघांना वेगळ्या लोकांपुढे सिद्ध करण्याची धडपड जाणवते. पुढच्याच वर्षी मायदेशात उलट अनुभव आला. चिवावा शहरात ‘ला रेइना देल सुर’ हे तस्करीवरचं गाणं म्हटल्याबद्दल नगरपालिकेने त्यांना शहरात गायला बंदी घातली.

२०१८ मध्ये कॅशच्या कार्यक्रमाला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने तिग्रेसनी फॉल्सममध्ये गावं, त्याचं ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण व्हावं, असं ठरलं. तुरुंग खात्याने परवानगी दिली. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’चं स्पॅनिश रूप करायला कॅशच्या कुटुंबानेही संमती दिली. एप्रिलमध्ये दोन कार्यक्रम झाले, एक पुरुष कैद्यांसाठी, दुसरा शेजारच्या महिला विभागासाठी. तो विभाग २०१३ मध्येच सुरू झाला होता, म्हणजे कॅशच्या वेळी फॉल्सममध्ये श्रोते फक्त पुरुष होते. याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने बेकायदा सरहद्द ओलांडणाऱ्या प्रत्येकावर खटला भरण्याचं ‘शून्य सहनशीलता’ धोरण जाहीर केलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत आईबापांपासून तोडलेल्या मुलांच्या बातम्यांनी जग हादरलं. तिग्रेसना यावर भाषण करायची गरज नव्हती. त्यांची तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गाणी त्या महिन्यात आपोआप ताजी झाली.

अल्बम ऐकताना आणि त्यावरचा टॉम डोनह्यू यांचा माहितीपट पाहताना पहिला फरक जाणवतो तो जागेचा. कॅश बंद भोजनगृहात गायला, त्याच्या ध्वनिमुद्रणात छत आणि भिंती ऐकू येतात. तिग्रेस पुरुषांसमोर गायले ते मोकळ्या पटांगणात. निळ्या कपड्यांतले कैदी, मागे ग्रॅनाइट, वर ऊन. दुसरा फरक माणसांचा. कॅशच्या श्रोत्यांना गाणारा ठाऊक होता. तिग्रेसच्या श्रोत्यांना गाणी ठाऊक आहेत. आजीच्या रेडिओवर, बापाच्या ट्रकमध्ये, बहिणीच्या लग्नात ऐकलेली. म्हणून ते टाळ्या वाजवत बसत नाहीत, बरोबर म्हणतात. माहितीपटात गाण्यांच्या मध्येमध्ये कैदी बोलतात, आणि बोलणं तस्करीच्या मर्दुमकीचं नसतं. दारू, मारहाण करणारा बाप, टोळीत गेलेलं लहानपण, बाहेर वाढणारी मुलं. स्त्रियांचं बोलणं जास्त थेट आहे.

इथे एक अवघड प्रश्न उरतोच. तस्करीची गाणी गाजवणाऱ्यांनी तुरुंगात जाऊन कैद्यांचं सांत्वन करावं, यात काही विसंगती नाही का? तिग्रेसचे पाठीराखे म्हणतात, त्यांच्या गाण्यांत तस्कराचा शेवट वाईटच होतो. एमिलिओ मरतो, दुसऱ्या एका गाण्यातली लाल मोटारीची टोळी पोलिसांच्या गोळ्यांनी मरते. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. ‘हेफे दे हेफेस’ या गाण्यात सर्व म्होरक्यांचा म्होरक्या तोऱ्यात बोलतो आणि त्याला कुणी गोळी घालत नाही. ते गाणं मिरवण्यासाठीच आहे. माझ्या मते या विसंगतीचं उत्तर गाणाऱ्यांकडे नाही, ऐकणाऱ्यांकडे आहे. कामेलियावर गाणं ऐकलेले लाखो लोक टोमॅटो तोडत राहिले. फॉल्समच्या पटांगणातले लोक गाण्यामुळे तिथे आले नव्हते. त्यांच्या येण्याची कारणं राज्याच्या कायदेपुस्तकात आणि त्यांच्या घरांत शोधावी लागतात, आणि माहितीपटात ते स्वतः ती सांगतातही.

अल्बम आणि माहितीपट सप्टेंबर २०१९ मध्ये, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर प्रसिद्ध झाले. कॅशला १९६८ च्या अल्बमने नवा जन्म दिला होता. तिग्रेसना तशी गरजच नव्हती, आणि तसं काही झालंही नाही. स्पॅनिश न समजणाऱ्या कितीतरी प्रेक्षकांनी मात्र नेटफ्लिक्सवर त्यांना प्रथम पाहिलं आणि अर्धं शतक आपल्याच शेतांच्या कडेला काय गायलं जात होतं ते त्यांना कळलं. कायद्यावर या अल्बमचा परिणाम झाल्याचं दिसत नाही. कॅशसारखी सिनेटपुढची साक्षही कुणी मागितली नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांनी कैद्यांच्या भेटीगाठी थांबवल्या. मग राज्यात कैद्यांची संख्या घटू लागली तशी तुरुंगांची फेरमांडणी सुरू झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये फॉल्समचा महिला विभाग बंद करण्यात आला. दुसरा कार्यक्रम ज्यांच्यासाठी झाला, त्यांच्यापैकी तोवर शिक्षा न संपलेल्या स्त्रियांना राज्यातल्या इतर तुरुंगांत हलवलं गेलं. पुरुषांचा तुरुंग चालूच आहे.